दिसतात त्या शिरा फुटत नाहीत

डॉ. टहिलराम बेलाणी यांची आणि माझी पहिली भेट अंबरनाथला, आमच्या शाळेच्या व्हरांड्यात झाली. फाळणी होऊन वर्ष उलटले नव्हते. कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकी निर्वासितांनी भरल्या होत्या आणि त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव अजून मिळायचे होते. डॉक्टर पायजमा आणि लांब कोट घालून आले होते. वय पन्नाशीला टेकलेले. येथे मराठी उत्तम कोण शिकवतो, असे त्यांनी मुख्याध्यापकांना इंग्रजीत विचारले. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"मला मराठी शिकायची आहे," ते मला हिंदीत म्हणाले. "पुस्तकातली नको. दुखण्यातली."

मी पुस्तकातलीच शिकवली. माझ्याकडे तीच होती.

दर रविवारी सकाळी ते कॅम्पातून चालत आमच्या घरी येत. मी त्यांना यकृत, जठर, नीला, रोहिणी, रक्तस्राव असे शब्द सांगे. ते मान डोलवत आणि प्रत्येक शब्द तोंडात घोळवून पाहत. पुढच्या रविवारी त्यांतले अर्धे परत आणत, पायाला न बसलेला जोडा दुकानात परत न्यावा तसे.

"मास्तरसाईं, हा रक्तस्राव कोणाला होत नाही."

"म्हणजे?"

"आठवडाभर विचारतोय. रक्त पडतं, रक्त जातं, रक्ताची उलटी होते. स्राव कोणालाच नाही. आणि मळमळणं आणि उमासा येणं तुम्ही एकच सांगितलं होतं. ते एक नाही. चिखलोलीच्या एक बाई म्हणाल्या, मळमळत असलं तरी भात लावता येतो. उमासा आला की बांधावर बसावं लागतं."

मी हे दोन्ही शब्द जन्मापासून वापरत होतो.

दोन पावसाळ्यांत ते इतके चांगले मराठी बोलू लागले, की आमची शिकवणी कशासाठी चालू आहे हे दोघांनाही सांगता आले नसते. त्यांचे काही उच्चार सिंधी राहिले, ते आजही आहेत. पण त्यांचे वाक्य ऐकणाऱ्यापर्यंत जाई आणि तिथे थांबे. मी बी.ए.ला मराठी घेतले होते. माझे दोन कथासंग्रह तोवर छापून झाले होते. माझी वाक्ये कुठवर जात, हे मला माहीत नव्हते.

डॉक्टरांच्या साठीनिमित्त नेमलेल्या गौरवसमितीच्या चिटणिसांनी मला सांगितले, "तुम्ही त्यांचे गुरू. तुम्ही लिहायलाच हवं." मी लिहायला बसलो आणि डॉक्टरांबद्दल मला आजवर काय वाटत आले ते आठवू लागलो. आदर होता. कृतज्ञता होती. त्या दोन्हींच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती जास्त जुनी होती. तिला मत्सर म्हणतात. त्याऐवजी एखादा बरा शब्द सापडतो का, ते पाहिले. डॉक्टर तोही परत घेऊन आले असते, म्हणून हाच ठेवतो.

डॉक्टरांचा दवाखाना एका बराकीच्या टोकाला होता. मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडे बाकावर सिंधी बायका, कारखान्यातले कामगार, बदलापूरपलीकडच्या डोंगरवाड्यांतून आलेली माणसे. कधी कधी आमची शिकवणी तिथेच होई. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसे. माझ्या तासाला मुले खिडकीबाहेर पाहतात. इथे लोक आपला नंबर येईपर्यंत पडद्याकडे पाहत बसत आणि नंबर उशिरा आला तरी कुरकुरत नसत.

बारवी नदीच्या बाजूचा एक म्हातारा मला चांगला आठवतो. हातपाय काटकुळे, पोट घागरीसारखे. बेंबीभोवती निळसर, वेड्यावाकड्या रेषा फुगून वर आलेल्या.

"डाक्तर, पोटान पानी भरलंय," तो म्हणाला. "आन् वरती ही गांडुळं."

"गांडुळं नाहीत, काका. रक्ताच्या शिरा आहेत. बोटं द्या तुमची."

डॉक्टरांनी म्हाताऱ्याची दोन बोटे बेंबीच्या वरच्या एका शिरेवर शेजारी शेजारी ठेवली, दाबली आणि दाबलेलीच एकमेकांपासून दूर सरकवली. मधली शीर रिकामी होऊन सपाट झाली.

"आता वरचं बोट उचला. भरली?"

"नाय."

"परत तसंच करू. आता खालचं उचला."

"भरली की रं!" म्हातारा इतका खूश झाला, की त्याने पडद्यापलीकडच्या बायकोला हाक मारली. "ये गं, बघ, कशी धावते ती."

ती आली. तिने बोट लावून पाहिले. डॉक्टरांनी तिलाही वेळ दिला. पुढे त्यांनी त्या दोघांना आजार समजावला, तेव्हा ती दोघे अशी ऐकत होती, जणू त्या शिरांचा शोध त्यांनीच लावला होता. डॉक्टरांची ही रीत आहे. रोग्याला त्याचे दुखणे त्याच्याच बोटांनी दाखवायचे, मग बोलायचे.

त्यांची दुसरी रीत कळायला मला जास्त काळ लागला. मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि पिणारा माणूस गुन्हेगार ठरला. हातभट्टी डोंगराच्या कुशीत चालूच होती, हे सगळ्यांना माहीत होते. पण "पिता का?" हा प्रश्न डॉक्टरने विचारला तरी तो पोलिसाने विचारल्यासारखा वाटे. रोगी आईची शपथ घेऊन नाही म्हणे आणि पुन्हा येत नसे. बेलाणी डॉक्टरांनी तो प्रश्न विचारणे सोडून दिले. ते म्हणत, "हे तीन-चार कारणांनी होतं." मग कारणे सांगत: जुनी कावीळ, दारू, पोटातला एखादा जुना रोग, आणि काही वेळा काय ते आम्हालाही कळत नाही. चारही कारणे एकाच आवाजात. त्यानंतर ते खिडकीबाहेर पाहत बसत. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. समोर दुसऱ्या बराकीची भिंत होती. थोड्या वेळाने रोगी आपणहून बोलू लागे किंवा लागत नसे.

माझा धाकटा भाऊ दत्तू त्या वेळी आमच्याकडेच राहत होता. आई गेली तेव्हा तो पाटीवर अक्षरे गिरवत होता. त्याला मी वाढवले. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो लेथवर कामाला होता. हाताने कुशल, बोलायला गमत्या. घरी मात्र हळूहळू गप्प होत गेलेला. त्या वर्षी तो खोकू लागला. रुमालाला रक्त लागले, असे दोनदा म्हणाला. आम्ही समजलो, क्षय. बायकोने त्याची ताट-वाटी वेगळी केली आणि मी सॅनेटोरियमची चौकशी सुरू केली. तेव्हा लोक क्षय लपवत. दत्तूने क्षय पुढे केला होता आणि त्यामागे दुसरे काही लपवले होते, हे माझ्या लक्षात आले नाही. क्षयाला सहानुभूती मिळते. पोलीस येत नाहीत, भाऊ मान खाली घालत नाही.

एका रविवारी सकाळी, पोहे खाऊन झाल्यावर, दत्तू परसात गेला आणि मोरीपाशी ओणवा झाला. मी मागोमाग गेलो. रक्त किती होते ते सांगत नाही. तो भिंतीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "खोकल्यातून आलं, अण्णा."

डॉक्टर नेहमीप्रमाणे शिकवणीला यायचे होते. ते दारातच होते. दत्तूला आडवे करून, नाडी पाहून ते माझ्याकडे वळले.

"रक्त कसं होतं?"

"भयानक," मी म्हणालो.

"भयानक हा रंग नाही, मास्तरसाईं. लाल की काळं?"

"गडद. काळपट."

"फेस होता?"

"नव्हता."

"खाल्लेलं काही त्यात?"

मी आठवून पाहिले. पोहे होते.

"मग हे छातीतून आलेलं नाही. पोटातून आलंय."

हा संवाद मी नंतर पुष्कळदा मनात म्हणून पाहिला आहे. माझ्या तिसऱ्या कथासंग्रहात विशेषणे कमी आहेत, असे काही परीक्षकांनी लिहिले आणि त्याचे श्रेय नव्या साहित्यदृष्टीला दिले. ते श्रेय कोणाचे आहे, हे मी इथे प्रथमच सांगतो.

डॉक्टरांनी दत्तूचा सदरा वर केला. अलीकडे तो ढगळ सदरे घालत असे. मी त्याचे पोट कितीतरी वर्षांनी पाहत होतो. बेंबीभोवती त्या रेषा होत्या.

"बोटं द्या," डॉक्टर मला म्हणाले.

मी माझी बोटे माझ्या भावाच्या पोटावर ठेवली. त्याने छताकडे पाहिले. कातडी गरम होती. मी बेंबीच्या वरची शीर दाबून रिकामी केली, खालचे बोट उचलले. शीर बेंबीकडून भरली आणि वर गेली. बेंबीच्या खालची रिकामी केली, वरचे बोट उचलले; तीही बेंबीकडूनच भरली आणि खाली गेली.

"बेंबीपासून दूर, दोन्हीकडे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे अडलंय ते इथे." त्यांनी दत्तूच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "मांडीकडून वर येणाऱ्या मोठ्या शिरेत अडलं असतं, तर खालच्या शिराही वरच्या दिशेनं भरल्या असत्या."

मग त्यांनी सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देतो. मला त्यात सुधारणा करता आलेली नाही.

"आमच्याकडे सिंधमध्ये शेती कालव्याची. मोठा कालवा गाळानं भरला, की पाणी काही थांबत नाही. ते बाजूच्या लहान चाऱ्यांत शिरतं. चाऱ्या तेवढ्या पाण्यासाठी खणलेल्या नसतात. त्या फुगतात, वाकड्या होतात, त्यांचे काठ पातळ होतात. आतड्यांतलं सगळं रक्त एका मोठ्या शिरेनं यकृतात जातं. यकृत कडक झालं, आतून गाठीगाठीचं झालं, की ते रक्त आत शिरत नाही. मग ते आडवाटा धरतं. एक वाट बेंबीवरून, ती ही. एक खाली, मूळव्याधीच्या जागी. आणि एक वर, अन्ननळीच्या तळाशी. पोटावरच्या ह्या शिरा लोकांना भिववतात. पण दिसतात त्या शिरा फुटत नाहीत. फुटतात त्या दिसत नाहीत."

एका माणसाने पन्नाशीनंतर शिकलेल्या भाषेत, माझ्या घरात, माझ्या भावाच्या उशाशी बसून हे म्हटले.

"हे तीन-चार कारणांनी होतं," डॉक्टर पुढे म्हणाले आणि कारणे सांगितली. मग मला म्हणाले, "मास्तरसाईं, तुम्ही जरा बाहेर बसा."

मी परसात शेवग्याखाली उभा राहिलो. बायको मोरी धूत होती.

"तुम्हांला का बाहेर काढलं?"

"तपासतायत."

"इतका वेळ?"

आतून दत्तूच्या हसण्याचा आवाज आला. तसा तो कितीतरी महिन्यांत हसला नव्हता.

"तपासताना हसतात वाटतं," ती म्हणाली.

मग हसणे थांबले. मग त्याच्या बोलण्याची गुणगुण, सलग, मध्ये न थांबता. शब्द कळत नव्हते. मी शेवग्याच्या दोन शेंगा तोडल्या. कोवळ्या होत्या, तोडायला नको होत्या.

आत गेलो तेव्हा दत्तूचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"काय बोललास एवढं?"

"काही नाही, अण्णा."

तो पीत होता हे मग उघडच झाले. केव्हापासून आणि कोणाबरोबर, ते कारखान्यातल्या लोकांनी हळूहळू सांगितले. का, ते कोणी सांगितले नाही. ते फक्त डॉक्टरांना माहीत आहे. त्याच दिवशी मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेलो आणि विचारले. मी त्याचा भाऊ आहे, बापाच्या जागी आहे, असेही म्हणालो.

"ते त्याचं आहे, मास्तरसाईं," ते म्हणाले. "मला फक्त ठेवायला दिलंय."

दुसऱ्या दिवशी दत्तूला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात हलवायचे ठरले. गाडीच्या गर्दीत त्याला बसवणे डॉक्टरांना पसंत नव्हते. कॅम्पातल्या एका कापडवाल्याचा ट्रक त्यांनी मिळवला. कापडाच्या गठ्ठ्यांवर गादी घातली. मी मागे चढू लागलो तेव्हा दत्तू म्हणाला, "अण्णा, तुम्हांला पुढे बरं पडेल." मी ड्रायव्हरशेजारी बसलो. डॉक्टर मागे, दत्तूचे डोके मांडीवर घेऊन. दवाखाना त्यांनी त्या दिवशी बंद ठेवला होता. ड्रायव्हर दर खड्ड्याला म्हणे, "सावकाश चाललोय, साईं, सावकाश." ते मला उद्देशून नव्हते. मागच्या खिडकीतून मला दोघांची डोकी दिसत होती.

इस्पितळात दत्तूला पुन्हा उलटी झाली. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या नाकातून एक रबरी नळी घातली. नळीला फुगा होता. तो आत फुगवला, की अन्ननळीतल्या शिरा आतून दाबल्या जातात. रक्त थांबले. नळी काढल्यावर शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली. आतड्यांतून येणारी ती मोठी शीर थेट हृदयाकडे जाणाऱ्या शिरेला जोडायची. अशा शस्त्रक्रिया तिथे नुकत्या सुरू झाल्या होत्या. मी नको म्हणत होतो. बेलाणी डॉक्टर त्या दिवशी उल्हासनगरहून आले आणि दत्तूच्या खाटेवर बसले.

"कालव्याचं पाणी सरळ नदीत सोडायचं," त्यांनी त्याला सांगितले. "मग चाऱ्यांवरचा दाब उतरतो. पण शस्त्रक्रियेत माणूस जाऊ शकतो. नाही केली, तर पुढच्या वेळी रक्त थांबेलच असं मी म्हणू शकत नाही. आणि सगळं नीट झालं तरी रक्त यकृतात साफ न होता अंगभर फिरेल. कधी कधी डोकं धुरकट होईल. मटण, डाळ बेतानं खावी लागेल. दारूचा थेंब नाही."

"तुमचा भाऊ असता तर?" दत्तूने विचारले.

 डॉक्टरांना भाऊ होता की नाही, हेसुद्धा मला माहीत नव्हते. ते दर रविवारी माझ्या घरी येत होते, तरी त्यांच्या गावाबद्दल मी त्या कालव्यापलीकडे काही ऐकले नव्हते.

"माझा भाऊ असता तर मी बाहेर बसलो असतो," ते म्हणाले. "त्यानं दुसऱ्या कोणाला तरी विचारलं असतं."

दत्तू हसला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "ऐकलंत, अण्णा? तुमच्या एकट्याचीच ही गत नाही." मग तो डॉक्टरांना म्हणाला, "करून टाका."

शस्त्रक्रिया झाली. दत्तू वाचला. बरा झाल्यावर तो बदलापूरला बेलवलीत राहायला गेला, लग्न केले, हलके काम धरले. परसात दोडका आणि काकडी लावतो. कधी कधी बोलता बोलता त्याचा धागा सुटतो. हाताला थोडा कंप आहे. त्यानंतर त्याला रक्ताची उलटी झालेली नाही. त्याच्याबद्दल हे सारे छापायचे म्हणून मी त्याची परवानगी मागायला गेलो.

"लिहा की," तो म्हणाला. "पोलीस आले तरी आता काय हुंगणार? दोडका?"

"आणि त्या दिवशी डॉक्टरांना काय सांगितलंस तेही लिहू?"

"ते तुम्हांला कुठे माहीत आहे?"

मी काकड्या घेऊन परत आलो.

डॉक्टरांच्या गौरवार्थ पुष्कळ जण पुष्कळ लिहितील. कॅम्पात पटकी आली तेव्हा ते अंगावरच्या कपड्यांनिशी बाकावर झोपत, हे इतरांना माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. पावसात बारवीच्या वाडीवर ते चिखल तुडवत गेले, हे त्या वाडीची माणसे सांगतील. मी फक्त त्या स्टुलावरून जे पाहिले ते लिहिले. मी अजूनही कधी कधी तिथे जाऊन बसतो. आता शिकवणीचे निमित्त नाही. डॉक्टर विचारत नाहीत, मीही सांगत नाही. त्यांच्या तोंडून एखादे वाक्य निघते आणि घरी जाईपर्यंत मी ते मोडून पाहतो. त्यातून काही काढता येत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या पोटात दुखू लागले. बायको बरोबर आली आणि बाकावर बसली. डॉक्टरांनी मला पडद्याआड आडवे केले, बरगडीखाली हात घातला, पोट चाचपले. शिरा दिसत नव्हत्या.

"हे तीन-चार कारणांनी होतं," ते म्हणाले. कारणे सांगितली. त्यांत काळजी हे एक होते. मग ते खिडकीबाहेर पाहू लागले.

ही त्यांची रीत मला तोंडपाठ होती. समोर बराकीची भिंत आहे आणि ते तिच्याकडे पाहत नाहीत, हेही माहीत होते. तरी मी बोलू लागलो. पुष्कळ बोललो. मध्ये एकदा हसलोही असेन.

बाहेर आलो तेव्हा बायको उभी राहिली.

"एवढा वेळ काय सांगत होतात?"

"काही नाही," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. तो चेहरा मला ओळखीचा होता. शेवग्याखाली मी तो बराच वेळ वागवला होता.

डॉक्टर आता साठ वर्षांचे होत आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतल्या किती माणसांनी त्यांच्याकडे काय काय ठेवायला दिले आहे, याचा अंदाज मला करता येत नाही. दत्तूचे त्यांत आहे. आता माझेही आहे. ते सारे सुखरूप राहण्यासाठी तरी त्यांनी दीर्घकाळ जगावे. त्यांची बोटे अशीच हलकी राहोत, पाय चिखलात असेच चालोत, झोप लागो, भूक लागो. आणि त्यांचे स्वतःचे जे काही कालव्याच्या काठी राहिले आहे, ते ठेवायला त्यांनाही कोणी मिळो. तो माणूस मी असावा अशी माझी इच्छा आहे. मी नसलो, तर जे कोणी असेल त्याचाही मला मत्सर वाटेल.